उलटा घातलेला टायर

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग डोंगरात होती, एका लहान युनिटच्या एम.टी. सेक्शनला. एम.टी. म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट. मी हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, गाव सांगोला. सेक्शनला एकोणीस गाड्या आणि चार मोटरसायकली. ०५३० ला पी.टी., ०७०० ला नाष्टा, ०८०० ला फर्स्ट परेड. फर्स्ट परेड म्हणजे प्रत्येक गाडीची हवा, तेल, पाणी, नट-बोल्ट बघायचे आणि रजिस्टरला चढवायचे. फौजेत एकवेळ गाडी नसली तरी भागतं, रजिस्टर पाहिजेच पाहिजे.

मोटरसायकली डी.आर. चालवायचे. डी.आर. म्हणजे डिस्पॅच रायडर, कागद पोचवणारा माणूस. चौघांतला एक लान्स नाईक सिद्राम बिराजदार, मंद्रूपचा. घरापासून दोन हजार किलोमीटरवर आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की काय वाटतं, हे ज्याला भेटलाय त्यालाच कळेल. त्याच्या घरून शेंगाचटणी आली की अर्धी माझी. मी वयानं मोठा, म्हणून शिव्या द्यायचो. तो हसायचा आणि आणखी चटणी वाढायचा.

एके दिवशी फर्स्ट परेडला तो म्हणाला, "दादा, गाडी डावीकडं वडतीया."

"तूच वाकडा बसत असशील."

"न्हाय ओ. टायर बघा की."

बघितला. मागचा टायर डाव्या बाजूनं गुळगुळीत, मधे आणि उजवीकडं नक्षी शाबूत. ट्रेनिंगला आमचे उस्ताद एक गोष्ट डोक्यात हाणून बसवायचे. दायाँ घिसे तो सड़क देख, बायाँ घिसे तो गाड़ी देख. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. रस्ता मधे उंच, कडेला उतरता. त्यामुळे टायरची उजवी बाजू जरा जास्त झिजते, त्यात गाडीचा दोष नाही. पण डावी बाजू झिजली, की समजायचं गाडीत काहीतरी वाकडं आहे. मी मागचं चाक धरून हलवलं. खटखट वाजलं. मागच्या फोर्कच्या सांध्यातला बुश झिजून गेला होता, चाक सरळ रेषेत चालतच नव्हतं. पाच मिनिटांत कारण सापडलं. मी एवढा हुशार होतो.

आणि इन्स्पेक्शन चार दिवसांवर होतं.

ज्यांनी फौज बघितली नाही त्यांना इन्स्पेक्शन म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. रस्त्याकडेच्या दगडांना चुना. नट-बोल्टांना रंग. टायरना काळं पॉलिश, इतकं की हात लावला तर आठवडाभर काळा. पॉलिश केलेला टायर लांबून नवाच दिसतो, जवळ जाऊन बघायला कोणाला वेळ नसतो. एम.टी. जे.सी.ओ., म्हणजे आमचा सेक्शन सांभाळणाऱ्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, "एक भी गाड़ी व्ही.ओ.आर. नहीं चाहिए." व्ही.ओ.आर. म्हणजे रस्त्यावरून काढलेली गाडी. बुशसाठी इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद दिला असता तर यायला पंधरा दिवस. तोवर बोर्डावर लाल अक्षरांत एक मोटरसायकल व्ही.ओ.आर., आणि त्याखाली माझं नाव.

मी टायर काढला आणि उलटा करून घातला. झिजलेली बाजू उजवीकडं गेली, चांगली डावीकडं आली. वरून पॉलिश मारलं. रजिस्टरमध्ये टायरच्या डेप्थचा, म्हणजे नक्षीच्या खोलीचा एकच रकाना असायचा, मधली तेवढी मापायची. मधली चार मिलिमीटर भरली. लिहिलं: सर्व्हिसेबल, म्हणजे वापरायला ठीक. सिद्राम ते चार दिवस गार्ड ड्युटीवर होता. त्याला मी काही सांगितलं नाही. विसरलो असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "आन् बुश?"

इन्स्पेक्शन झकास झालं. इन्स्पेक्शनला आलेले साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." आम्हाला संध्याकाळी जिलेबी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुसळधार पाऊस. टेलिफोनची लाईन तुटलेली. पुढच्या ब्रावो कंपनीचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा ०७३० ला निघणार होता आणि त्यांच्या वाटेवरचा पूल खचला होता. ऑपरेटर रेडिओवर ओरडत होता. "ब्रावो, ब्रावो, हाऊ डू यू हिअर मी? ओव्हर." नुसती खरखर. ०६०० ला ॲडज्युटंट साहेब स्वतः एम.टी.त आले.

"डी.आर. कौन है?"

"लान्स नाईक बिराजदार, सर."

"गाड़ी?"

मी म्हणालो, "ओके, सर."

कॉन्व्हॉय थांबवायचा लिफाफा घेऊन सिद्राम ०६१० ला गेटमधून बाहेर पडला. तीन महिने ती गाडी त्यानं चालवली होती. डाव्या वळणाला टायर दगा देतो हे त्याला माहीत होतं, म्हणून डाव्या वळणाला तो जपायचा. उजवं वळण त्याच्या भरवशाचं. मी त्याच्या भरवशाचीच बाजू बदलून ठेवली होती. सोळाव्या किलोमीटरला उजवं वळण आहे, खाली नाला. गाडी मागून सुटली आणि नाल्यात गेली. वळणाच्या वर दुसऱ्या युनिटची पोस्ट होती, तिथल्या सेन्ट्रीनं आवाज ऐकला ०६३८ ला. तो धावत खाली गेला. सिद्राम शुद्धीवर होता. त्यानं छातीशी धरलेला लिफाफा सेन्ट्रीच्या हातात दिला. त्यांच्या पोस्टवरून लिफाफा ०७१५ ला पोचला, कॉन्व्हॉय थांबला, सत्तर माणसं वाचली. सिद्राम एम.आय. रूमपर्यंत, म्हणजे फौजी दवाखान्यापर्यंतसुद्धा जिवंत पोचला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी बसली. मला आत बोलावलं.

"टायर डेप्थ?"

"चार मिलिमीटर, सर."

"सर्व्हिसेबल?"

"सर्व्हिसेबल, सर."

"डिसमिस." म्हणजे जा आता.

जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, हे फौज पहिल्या दिवशी शिकवते. मी त्याचा आडोसा घेतला. भ्यालो, दुसरं काही नाही. कागदावर निष्कर्ष आला: ओल्या रस्त्यावर अतिवेग, चूक रायडरची. अरे, कसला अतिवेग! आमच्या गेट रजिस्टरला आउट ०६१०. पोस्टच्या रजिस्टरला ०६३८. अठ्ठावीस मिनिटांत सोळा किलोमीटर. तासाला पस्तीससुद्धा नाही. पण दोन रजिस्टरं दोन युनिटांची, ती शेजारी ठेवून भागाकार करायला कोणाला सुचलं नाही. मला सुचला. मी गप्प बसलो. सिद्रामच्या शवपेटीबरोबर मंद्रूपला माझ्याऐवजी दुसरा माणूस गेला.

रिटायर झालो आणि सोलापुरात टायरचं दुकान टाकलं. दुसरं काही येत नाही. आणि इथं जे लोक येतात ना, त्यांच्यापुढं देवसुद्धा हात टेकेल. टायर एका बाजूनं झिजला की प्रत्येकाचं म्हणणं ठरलेलं.

"कंपनीच फालतू हाय."

"हवा कधी बघितली?"

"दिवाळीला."

हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात. जास्त असली की मधला पट्टा जातो. शॉकअप गेला की टायरवर खड्डे पडतात. चेन टाईट करताना मागच्या दोन्ही खुणा सारख्या ठेवल्या नाहीत, तर चाक तिरकं बसतं. एका बाजूला दुधाचा कॅन अडकवून रोज तीस किलोमीटर हाणलं, तरी झीज एकाच बाजूला. मी हे दिवसातून दहा वेळा सांगतो. पालथ्या घड्यावर पाणी. ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते असू द्या, नवा टाकून द्या." अरे बाबा, टायरनं सांगितलंय काय दुखतंय ते, तू डॉक्टरचं तोंडच दाबतोस!

गेल्या महिन्यात दुपारी एकजण आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन, मास्तर असणार. मागचा टायर डावीकडून साफ.

"नवा नगं," तो म्हणाला. "उलटा घालून द्या की. अजून सा म्हैने चालंल."

माझं डोकंच फिरलं. "उलटा घालू? कोणी शिकवलं तुम्हाला हे? शाळेत पोरांना काय शिकवता, चूक झाली की पान उलटं करा?"

"एवडं काय चिडताय? मी सावकाश चालवतो. चाळीसच्या वर जात न्हाय. आमच्या घरात शपतच हाय तशी."

"शपथ कसली?"

"आमचा अण्णा, थोरला भाऊ, फौजेत हुता. गाडी जोरात चालवून गेला. तवापासनं."

मी विचारलं, "गाव कुठलं?"

"मंद्रूप. मी मल्लिनाथ बिराजदार."

हातातला पाना खाली ठेवला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळं सांगितलं, बुश, पॉलिश, टायर, ओके सर, दोन रजिस्टरं. उभ्यानंच सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "हे मला नगा सांगू. अव्वाला सांगा."

मी आधी त्याचं चाक खोललं. चेनच्या खुणा दोन दातांनी पुढंमागं होत्या, त्या सारख्या केल्या. नवा टायर चढवला, हवा मापून भरली. मग त्याच्यामागं बसलो. अर्ध्या तासाची वाट. इतकी वर्षं मला ती लांब वाटत होती.

अव्वा, म्हणजे सिद्रामची म्हातारी आई, दारात शेंगा फोडत बसली होती. मल्लिनाथ तिच्याशी कानडीत दोन वाक्यं बोलला. मी सांगायला लागलो. भागाकार सांगितला तेव्हा तिचे हात थांबले.

"म्हंजे त्यो पळत न्हवता?"

"नाही, आई. सावकाश चालला होता."

"दर सुट्टीला जाताना मी म्हनायची, सिद्रामा, हळू चालव. मला वाटलं, लेकरानं माझं ऐकलं न्हाय. मी त्याच्यावर रागवून बसले हुते. मेलेल्या पोरावर राग, कळतंय का तुला?"

"ऐकलं होतं त्यानं."

"आन् तू इतकी वर्सं कुटं मेला हुतास?"

मी मान खाली घातली. ती भिंतीला धरून उठली, माझं मनगट पकडलं. त्या वयात एवढी पकड मी बघितली नाही.

"चल भाईर. मला एकलीला सांगून काय उपेग? गल्ली म्हनती बिराजदारणीचा पोरगा मस्तीनं गेला. गल्लीला सांग."

कट्ट्यावर पाच-सहा म्हातारे होते. समोरच्या दारातून दोन बायका बघायला आल्या. मी टाचा जुळवल्या आणि कोर्टापुढं जे बोललो नव्हतो ते बोललो. नाव, रँक, वेळ, अंतर. टायर मी उलटा घातला. त्याला मी सांगितलं नाही. पडल्यावरसुद्धा त्यानं लिफाफा सोडला नाही. चूक माझी. मधेच अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

म्हातारीनं माझं मनगट सोडलं नव्हतं. तिनं कट्ट्यावरच्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"आता म्हना," ती म्हणाली, "माझा सिद्राम पळत हुता म्हनून."

एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.