येतो म्हणणाऱ्यांची यादी

सहदेव तांबे गेली सव्वीस वर्षं रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीमागे बसतोय. तेवढ्या वर्षांत प्राचार्य पाच झाले, खुर्ची दोनदा मोडली, खिडकी तीच. काम बाहेरून सोपं दिसतं. कॉम्प्युटर सायन्सच्या साठ जागा, अर्ज चारशे. साठ नावांची यादी लावायची, तिच्याखाली चाळीस नावांची वेटिंग लिस्ट लावायची नि गप बसायचं.

पण नाव लागलेले साठच्या साठ कधी येत नाहीत. कुणाचा इंजिनिअरिंगला नंबर लागतो, कुणी फार्मसीला जातो, कुणाला मुंबईचा काका बोलावून घेतो. पूर्वी कॉलेजही शेतकऱ्याच्या डोक्याने चालायचं. लावणीला लागतो त्यापेक्षा तरवा, म्हणजे भाताची रोपं, जास्त पेरायचा. थोडा कुजणार, थोडा खेकडे तोडणार. साठ हवेत तर ऐंशी घ्यायचे. एका वर्षी मेला तरवा कुजलाच नाही. त्र्याहत्तर पोरं येऊन बसली, त्यातली काही खिडकीच्या कट्ट्यावर. विद्यापीठाचं पत्र आलं, प्राचार्यांचं जेवण तुटलं. तेव्हापासून साठ म्हणजे साठ. एक गळला की वेटिंगमधला एक आत.

कोण गळणार ते आधी कळावं म्हणून सहदेव घरोघरी फोन लावतो. मेख आहे ती इथेच. आपल्याकडचा माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. बारशाला जायचं नसलं तरी ‘येतो की’ म्हणणार आणि त्या दिवशी भाताला पाणी लावत बसणार. कॉलेजच्या फोनवरही तसंच. “पोरगा येणार ना?” “येनार म्हंजे? येनारच!” असं जो गोड बोलतो, तो गेला म्हणून समजावं. जो कुरकुरतो, एसटी वेळेवर नाही म्हणतो, वसतिगृहात पाणी किती वाजता येतं ते विचारतो, तो हमखास येतो. सहदेव फोन ठेवता ठेवता गोडबोल्यांच्या नावापुढे पेन्सिलीने टिंब द्यायचा. प्राचार्य विचारायचे, “तांबे, यंदा किती गळतील?” हा टिंबं मोजून म्हणायचा, “सतरा.” सतराच गळायचे. फार तर अठरा.

बाहेरच्या माणसाला मात्र त्याने यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. नंबर लागेल का? सांगता येत नाही. दिवसाला शंभरदा तेच. घरी बायकोने “मीठ बरोबर हाय ना?” विचारलं तरी तोंडातून तेच यायचं.

यंदा गुरुवारी यादी तेराव्या नंबरापर्यंत सरकली. शुक्रवारी पाचला ती बंद व्हायची होती. चौदावी होती दीक्षा, मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीवरची. तिची आई प्रेमला पोरीला घेऊन पहिल्या गाडीने आली नि दुपारी खिडकीला लागली.

“भाऊ, चवदावा नंबर लागंल काय?”

“सांगता येत नाही.”

“मंग आमी करायचा काय? मंडनगडला साध्या सायन्सला नाव घालायची आज शेवटची तारीख. हिचा मामा मूळ दाखला घेऊन तकडं दारात उभा हाय. फोन कर म्हनतो, म्हंजे देतो. पन दाखला एकदा तकडं गेला की हकडं नंबर लागून उपेग काय?”

पोरगी खिडकीच्या फळीवर बोटाने रेघा ओढत होती.

सहदेवने यादी बघितली. साठातली एकच जागा अजून लोंबकळत होती: गुहागरकडचा विनीत रेवाळे. नाव लागलेलं, मूळ दाखला जमा नाही, इंजिनिअरिंगलाही अर्ज केलेला. त्याच्या बापाला, काशीरामला, सहदेवने सकाळीच फोन केला होता. “येतो म्हंजे काय तांबेसायेब, तुमच्याबिगर आमचा हाय कोन? उद्या हजर!” इतकं गोड की सहदेवने दोन टिंबं दिली होती.

मागे रांग होती. पंखा बंद होता. सकाळपासून ऐंशी जणांना सांगता येत नाही म्हणून झालं होतं, आणि सांगता तर येत होतं.

“थांबा,” तो म्हणाला. “उद्या लागेल.”

दीक्षाने वर बघितलं. “नक्की?”

“मी सांगतोय ना.”

प्रेमलाने तिथूनच भावाला फोन केला, की दाखला देऊ नको, एसटीच्या कंडक्टरकडे देऊन हकडे पाठव. त्या रात्री मायलेकी मिरजोळ्याला नात्यातल्या बाईकडे राहिल्या. शुक्रवारी सकाळी स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून दाखला घेतला नि कॉलेजच्या बाकावर येऊन बसल्या.

साडेचारला काशीराम रेवाळे आला. डोक्याला टॉवेल, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला, मागे पोरगा.

“काय तांबेसायेब, बोल्लो ना येतो म्हनून?”

सहदेवने पिशवीकडे बघितलं. “इंजिनिअरिंगचं काय झालं?”

“तकडं वसतिगृहात नंबर लागला न्हाय. तकडं बी वेटिंगच. पोरगा ऱ्हानार कुठं? ह्याची आय म्हनली, आपली रत्नांग्रीच बरी.”

“मग काल फोनवर एवढं गोड कशाला बोललात?”

“आता काय शिव्या घालू काय तुमाला?” काशीराम हसला.

सहदेवने दाखला घेतला, पावती फाडली आणि उठून प्राचार्यांकडे गेला. एक जागा वाढवता येईल का, म्हणाला.

“तुम्ही विचारताय, तांबे? त्र्याहत्तर पोरं आली त्या वर्षी इथेच होतात ना?”

“एक मुलगी आहे. तिने मंडणगडचं सोडलंय.”

“तिला थांबायला कोणी सांगितलं?”

“मी.”

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला. “साठ म्हणजे साठ.”

तो परत आला तेव्हा प्रेमला खिडकीशीच उभी होती. तिला सांगावं लागलं नाही.

“भाऊ, काल तुमी गप ऱ्हायला असतात तर आमी तकडं नाव घातला असता.”

“हो.”

“मंग बोल्लात कशाला?”

“कंटाळलो होतो,” तो म्हणाला.

“आमाला कंटाळायला बी फावत न्हाय,” प्रेमला म्हणाली नि बाकावर जाऊन बसली.

दीक्षा तिथेच राहिली. “काका, इथे आणखी कशाला जागा आहे?”

“बी.ए.ला आहेत. बी.कॉम.ला दोन.”

“कॉमर्सला गणित असतं?”

“असतं. पहिल्या वर्षाला.”

“मग द्या फॉर्म.”

त्याने फॉर्म दिला. पाच वाजले. रघू शिपाई किल्ल्या घेऊन आला. सहदेवने त्याला हातानेच बसायची खूण केली. दीक्षा खिडकीच्या फळीवर वाकून लिहीत होती. नाव, गाव, तालुका भरून झाला. शाखेच्या रकान्याशी पेन जरा अडलं, मग तिने लिहिलं, वाणिज्य. प्रेमला बाकावर चपला काढून पाय चोळत होती. तिने खिडकीकडे बघितलं नाही.