दीड वर्षाच्या अनुभवावर एमबीए

चाकणच्या आमच्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये किस्से साचायला वेळ लागत नाही. सिस्टिम हँग होते, तेवढ्यात एक तयार! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडेच जमा होतात. यंदाचे सगळे एमबीएचे. मी आणि शेजारच्या टेबलवरची ऋचा, दोघींनी मोठमोठ्या कॉलेजांत फायनान्ससाठी अर्ज केलेत. अनुभव सारखाच, दीड वर्ष बिलं चढवण्याचा. फरक इतकाच, की ऋचाचा मोठा दिसतो!

*

आता निबंधाचंच बघा. स्टॉक मोजणीला आम्ही दोघींनी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजले. मी लिहिलं, "स्टॉक मोजणीत मदत केली." ऋचानं लिहिलं, "संपूर्ण प्लांटच्या ऑडिटचं नेतृत्व केलं."

"अगं, नेतृत्व कुणाचं केलंस?"

"तुझं!"

*

आमचे मॅनेजर कदम साहेब, त्यांची पद्धत ठरलेली. शिफारसपत्र तुम्हीच लिहून आणायचं, ते फक्त सही करणार.

ऋचाचं वाचून साहेब खुर्चीत सरळ बसले. "ही मुलगी आपल्याकडेच आहे? मग जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला मलाच का भरावं लागतं?" आणि तरी सही ठोकली!

माझं वाचून त्यांनी चष्मा काढला. "ही शिफारस आहे की मेमो?"

*

कंपनीच्या बसचे ड्रायव्हर बाळूभाऊ इथल्याच गावचे. एमबीएची फी ऐकून म्हणाले, "ताई, एवढ्या पैशात मोशीत दुकानाचा गाळा येतोय. भाड्यानं द्यायचा अन् निवांत घरी बसायचं. आमी त्येच केलंय!"

"मग बस का चालवता?"

"घरी बसून कटाळा येतो न्हवं!"

*

आमचं लग्न अजून नवं आहे, त्यामुळे सासूबाई चौकशी गोडीत करतात. परवा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "कसला गं कोर्स?"

"फायनान्सचा, आई."

"आणि ऑफिसात काय करतेस?"

"फायनान्सच."

"मग दीड वर्षात आलं नाही होय तुला?"

नवऱ्याला ठसका लागला. वर मला वाचवायला म्हणतो, "ऋचापण तेच शिकणारेय, आई."

"ती हुशार आहे रे, तिला शिकू दे!"

ऋचाला त्या एकदाच भेटल्यात. आमच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत!

*

आणि मग दोघींना एकाच कॉलेजचा इंटरव्ह्यूचा कॉल आला. तिचा शनिवारी, माझा रविवारी.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन. "भन्नाट झाला गं! पॅनेल फिदा!"

"काय विचारलं?"

"किरकोळच."

अभिनंदन म्हणताना माझे दात एकमेकांवर घासले गेले. मला हे कॉलेज हवंच होतं, आणि तिच्याआधी हवं होतं.

रविवारी पॅनेलवर तिघं. पहिलाच प्रश्न, "अनुभव फारच कमी आहे. फायनान्समधलं, तुम्ही स्वतः केलेलं एक काम सांगा."

माझ्याकडे एकच होतं. इतकं जपलेलं, की ऋचाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. एक प्रेस मशीन कधीच भंगारात गेली होती आणि कंपनी तिचा विमा अजून भरत होती. ते मी पकडलं होतं.

सांगून झालं, तर तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मधले सर हसू दाबत म्हणाले, "कालच्या मॅडमही तुमच्याच कंपनीतल्या. त्यांनीही हीच मशीन पकडली. तुमच्याकडे एक भंगार मशीन पकडायला किती माणसं लागतात?"

"दोघी, सर," मी म्हणाले. "एक पकडते. दुसरी आदल्या दिवशी येऊन सांगते."