चौथीच्या खोलीचं दार

गावित सरांनी काळ्या भिंतीवर मधोमध खडूची रेघ ओढली, त्या शनिवारी माझी वाट लागली.

आज सरांना जाऊन वर्ष झालं.
बाकीचे चांगलं चांगलं लिहितील. मी खरं लिहितो.

मला हा माणूस कधीच आवडला नाही.

त्र्यंबकच्या पुढे, घाट उतरला की एक पाडा आहे. तिथल्या शाळेचे ते हेडमास्तर. त्यांच्या हाताखाली शिक्षणसेविका म्हणून लागली आमची सुषमा.

'आमची' म्हणजे माझी. निदान माझ्या डोक्यात, अकरावीपासून.

ती डी.एड.ला गेली. मी एस.वाय.ला एका प्रोफेसरशी वाजलं म्हणून कॉलेज सोडलं आणि नाशिकमध्येच द्वारकेला मामाच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपला लागलो.
दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिला आणायला बाईक काढायचो.

तर ती भिंत.

चौथीच्या खोलीची मागची भिंत. रेघेच्या डावीकडे 'झालं'. उजवीकडे 'राहिलं'.
शाळेचं वर्षभराचं सगळं काम त्या दोन रकान्यांत.

शनिवारी अख्खा पाडा त्या खोलीत जमायचा. खोलीला दार नव्हतं, त्यामुळे माणसांबरोबर बकऱ्यापण.
एखादं काम झालं असेल तर एक पोर ओल्या फडक्याने उजवीकडचं पुसणार, डावीकडे लिहिणार. मग टाळ्या.

मुलींचा संडास. खिचडीची शेड. दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षबागेत कामाला जाणारी पोरं शाळेतच थांबवायची.

एकदा एक आजी म्हणाली, "मास्तर, माझ्या घराचं पत्रं पन लिवा की राहिलंमधी!"
"आजी, भितच लय लहान हाय गं आपली!"

सुषमा पोट धरून हसली.
माझ्या एकाही जोकवर ती अशी हसलेली नाही.

परतताना मागे बसून नुसतं सर, सर, सर.

"त्याला टक्कल आहे," मी एकदा म्हणालो. "लग्न झालंय. दोन पोरं आहेत."
"मग?"
"मग काही नाही."
"पक्या, तू सरांवर जळतोस?"

मी गिअर बदलला.

जळत होतो. टक्कल पडलेल्या, सँडलला सुतळी बांधून फिरणाऱ्या माणसावर.

परतीच्या वाटेवर अंजनेरीजवळ एकदा गाडी थांबवून विचारलंच. लग्न करू. तू नाशिकजवळ बदली माग.

ती डोंगराकडे बघत म्हणाली,
"उजवी बाजू रिकामी झाली की सांगते."

झालं!
त्या दिवसापासून शाळेची सगळ्यात जास्त काळजी मला. संडासाची कडी मी बसवली. शेडचे अँगल मी वेल्ड केले. एक ओळ पुसली गेली की माझ्या आत दिवाळी.

आणि हा माणूस लगेच खडू घेऊन दोन नवीन कामं लिहायचा!

"सर, आता बास ना."
"पाव्हणं, येवढी घाई कशाची? शाळा हाय ही, लग्नाचा मांडव नाय."

अख्खी खोली हसली. सुषमा लाल झाली.
सरांना माहीत होतं का? आजही कळलेलं नाही.

एकदा मीच म्हणालो, "आधी या खोलीला दार करतो. माझा धंदाच आहे."
"दार शेवटी. दार लागलं की बकऱ्या थांबतील, पन मानसंबी थांबतील."

मग एक दिवस हरसूलहून येताना सर एस.टी.त बसल्या जागी गेले. कंडक्टरला वाटलं, झोपलेत.

सुषमा नेहमी मिस्ड कॉल द्यायची. त्या दिवशी कॉल आला. बोललीच नाही, नुसती रडत होती.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू?
मी मेलो तर ही एवढी रडेल?

माणूस जिवंत असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. फोटोशी काय भांडणार?

नंतर वर्षभर सुषमाने सरांनी लिहिलेलं एकेक काम पूर्ण करून पुसत आणलं. नवीन एकही लिहिलं नाही.
शेवटी उजवीकडे एकच ओळ उरली. सरांच्या हातची.

'चौथीच्या खोलीला दार.'

असं दार मी कुणाच्या बंगल्यालाही केलेलं नाही. चौकट गेल्या शनिवारी बसवली. आज सकाळी जीपच्या टपावर टाकून दार नेलं. बिजागऱ्या अशा बसवल्या की लहान पोरानेही एका बोटाने ढकलावं.

पाडा जमला. गावित वहिनींनी सरांच्या फोटोला हार घातला. पोरांनी दार शंभरदा उघडलं-लावलं.

सगळे गेले. खोलीत आम्ही दोघंच.
मी फडकं ओलं केलं आणि तिच्या हातात दिलं.

"पूस."

मला वाटलं, हिला जमणार नाही. पण पुसलं तिने. हळूहळू, एकेक अक्षर. मग डावीकडे लिहिलं.

उजवी बाजू कोरी.
माझे कान गरम झाले.

"सुषमा..."
"थांब जरा."

तिने नवा खडू घेतला. उजवीकडे लिहायला लागली.

पाचवीचा वर्ग. पुस्तकांचं कपाट. कामावर जाणाऱ्यांच्या मुलींसाठी राहायची खोली.

थांबतच नव्हती. अक्षर तिचं, पण ओळ सरांसारखी वर चढत जाणारी.

"एवढं सगळं कोण करणार?"
"मी आहे ना इथे."

सांगते म्हणाली होती. सांगितलं.

मी हातोडा, पाना पिशवीत टाकला. फोटोसमोर उभा राहिलो. हात जोडायचे नव्हते, जोडले गेले.
येतो सर. तुम्हीच जिंकलात. आता तरी आराम करा.

"पक्या, दार लावून घे रे," ती न वळता म्हणाली. "बकऱ्या येतात."

बाहेर पडलो.
दार लावलं.