उत्तरसूची नसलेला पेला

लातूरपासून नांदेडपर्यंत कुठल्याही दवाखान्यात रेणुकादास औसेकर सरांनी पाय ठेवला, की आतला डॉक्टर खुर्ची सोडून उभा राहतो. उभा राहताना त्याच्या चेहऱ्यावर अजून थोडी भीती असते. सरांनी अर्धं आयुष्य लातूरच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवली, म्हणजे खरं तर घोटवून घेतली. पहाटे टेस्ट, दुपारी टेस्ट, रविवारी मोठी टेस्ट. "आधी पर्याय वाचा," ते सांगायचे, "प्रश्न नंतर. चारातले दोन पर्याय बघताक्षणीच मेलेले असतात. उरलेल्या दोघांत जो फार शहाणा दिसतो, तो सोडा." पोरं पास व्हायची, पांढरे कोट घालायची आणि सर पुढच्या बॅचकडे वळायचे.

मग पुढची बॅच आलीच नाही. सर निवृत्त झाले. भिंतीवरचं घड्याळ टेस्ट घेतल्यासारखं टिकटिकत राहायचं आणि पेपर सोडवणारं घरात कोणी नसायचं.

त्या दिवाळीत त्यांची मुलगी मुग्धा नाशिकहून आली. ती तिकडं एका द्राक्षमळ्यात पाहुण्यांना वाईन चाखवायचं काम करते. हैदराबादच्या एका संस्थेत वाईन चाखण्याची परीक्षा असते, ती तिला द्यायची होती. तिच्या बॅगेतलं जाडजूड पुस्तक सरांनी सहज म्हणून उघडलं आणि फराळाला उठलेच नाहीत.

"अगं, ह्याला सिलॅबस आहे!" ते आतून ओरडले.

आणि काय सिलॅबस! जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचे काळ्या दगडाचे उतार, फ्रान्समधल्या बर्गंडीची चुनखडी, स्पेनमधल्या रिओहाची ओकची पिंपं. इथं मॅलिक आम्ल, तिथं टार्टारिक, आणि पानोपानी टॅनिन. सगळी सरांच्या ओळखीचीच माणसं होती, फक्त परदेशी राहायला गेलेली. पाडव्यापर्यंत प्रश्नसंच तयार झाला. मुग्धा पहाटे चहाला आली की समोर सर.

"मोझेलच्या जुन्या रीसलिंग वाईनला कसला वास येतो?"

"पेट्रोलचा. बाबा, मला तोंड तर धुऊ द्या!"

"निगेटिव्ह मार्किंग आहे. लक्षात ठेव."

भाऊबीज होईपर्यंत सरांनी स्वतःचाही फॉर्म भरून टाकला होता.

त्यांच्या पत्नी लताबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "साठी उलटल्यावर दारूची परीक्षा? लोक वाचनालयात जातात, देवळात जातात."

"वाईन म्हण. आणि प्यायची कुठं आहे? शिकायची आहे."

"न चाखता?"

"अगं, मी जन्मभर ॲसिडं शिकवली. एक तरी चाखली होती का?"

लताबाईंनी पोळी उलटली आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, की सर पुस्तक घेऊन गच्चीवर गेले.

हैदराबादला लेखी परीक्षेत सरांचं पेन थांबलं नाही. चाखण्याच्या परीक्षेत समोर दोन पेले ठेवले. सरांनी रंग पाहिला. एवढा पिवळा असेल तर ह्या तीन जाती, त्यातली एक भारतात मिळत नाही, दुसरी महाग, परीक्षेला कोण देईल, म्हणजे तिसरी. नियम होता म्हणून औषधाची चूळ भरावी तशी एक चूळ भरली, थुंकली, आणि पानभर वर्णन लिहून काढलं. सगळ्यांच्या आधी पेपर देऊन ते हाताची घडी घालून बसले.

निकाल आला. लेखी परीक्षेत पहिले. चाखण्यात नापास. खाली परीक्षकाची एक ओळ होती: वर्णन उत्तम आहे, फक्त ते पेल्यातल्या वाईनचं नाही.

मुग्धा दोन्हींत पास झाली होती. तिनं फोनवर आडपडदा ठेवला नाही. "बाबा, तुम्ही चाखलंतच नाही. तुम्ही आठवलंत."

फेरपरीक्षा संक्रांतीनंतर होती. तीही बुडाली तर लेखीचे गुणही बुडणार होते. पण सरांना खरी टोचणी वेगळीच लागली. आपल्या तोंडातली ही जीभ फक्त बोलण्यासाठी वापरली गेली की काय? एवढे आंबे, एवढ्या भाकऱ्या, एवढं लोणचं तिच्यावरून गेलं, ते नेमकं कुठं गेलं? ते आठवायला बसले, तर नावं आठवत होती, चव एकाचीही आठवत नव्हती. ही परीक्षा पास व्हायचीच, आणि ह्या खेपेला जिभेनं व्हायची, असं त्यांनी ठरवलं.

आधी त्यांनी दारूचा परवाना काढला. नियम म्हणजे नियम. मग मुग्धा एका शनिवार-रविवारी येऊन देशोदेशीच्या बाटल्या ठेवून गेली. माळ्यावर सरांच्या आजोबांचं पितळी उगालदान होतं, पान खाऊन थुंकणाऱ्या पाहुण्यांसाठीचं. लताबाईंनी ते चिंचेनं लखलखीत घासलं. बाटल्यांना जुन्या परकराच्या पिशव्या शिवल्या, म्हणजे लेबल दिसायला नको. परीक्षकही त्याच. स्वतः थेंबही घ्यायच्या नाहीत, पण परीक्षकाचा रुबाब त्यांना असा चढला, की संध्याकाळी त्या इस्त्रीची साडी नेसायला लागल्या.

पहिल्या संध्याकाळी सरांची सगळी उत्तरं बरोबर. दुसऱ्या संध्याकाळीही. मुग्धा फोनवर "बाबा, कमाल आहे!" म्हणाली. लताबाई मात्र सरांची नजर कुठं जाते ते बघत होत्या.

"अहो," त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पेल्यात नाक घालायच्या आधी माझ्याकडं काय बघता?"

"कुठं बघतो?"

"खरं सांगा. पोरांच्या कॉप्या पकडायचात ना तुम्ही?"

सरांनी खाली मान घालून कबूल केलं. फिरकीचं झाकण असेल तर स्वयंपाकघरातून कटकट ऐकू येते. बूच असेल तर लताबाई "अगं आई गं" म्हणतात. महागाची बाटली त्या जपून, पळीनं तूप वाढावं तशी ओततात. तांबडी असली तर पेला साडीपासून लांब धरतात. "चारातले दोन पर्याय तर तू दारातून येतानाच मरतात," सर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच थोडा अभिमान वाटला.

"वा! म्हणजे तुम्ही हे दोन दिवस मलाच चाखताय."

दुसऱ्या दिवसापासून पेपर बदलला. बाटल्या दुपारीच उघडलेल्या. सगळे पेले सारखेच भरलेले. सरांच्या डोळ्यांवर उपरणं बांधून, पेले मांडून, लताबाई सरळ अंगणात जाऊन बसायच्या. आत सर एकटे, अंधारात, समोर चार अनोळखी पेले.

सरांनी सपाटून मार खाल्ला. स्पेनला नाशिक म्हणाले, नाशिकला इटली. तांबड्या-पांढऱ्यातही एकदा घोटाळा झाला.

"शून्य," लताबाई अंगणातून आनंदानं सांगायच्या. "मायनस धरलं तर आणखी खाली."

"तू मुद्दाम अवघड काढतेस."

"पेपर अवघड होता म्हणायचं नाही. हे कोण सांगायचं पोरांना?"

आठवडाभर असंच चाललं. सर चिडले, रुसले, एकदा उपरणं फेकून दिलं. पण संध्याकाळ झाली की परत येऊन खुर्चीवर बसायचे. डोळ्यांसमोर काही नाही, कानावर काही नाही. मरायला पर्यायच उरले नव्हते. उरला होता तो फक्त पेला, आणि त्याच्यापुढं हा एवढा मोठा झालेला, कोराच राहिलेला माणूस.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी एक पेला नाकाशी नेला आणि झटक्यात मागं केला.

"लता! अगं, ह्याला रॉकेलचा वास येतोय!"

"माझ्या स्वयंपाकघरात रॉकेल? गॅस येऊन जमाना झाला!" लताबाई धावत आल्या. "पेला मी स्वतः धुतलाय, उगाच नाव घेऊ नका."

"थांब. थांब जरा."

सरांनी पुन्हा नाक घातलं. रॉकेलच. स्टोव्हला पिन मारताना बोटाला राहायचं तेच. त्याच्यामागून लिंबाची साल, आणि साल सोलल्यावर उडणारा तो बारीक फवारा. त्यांनी घोट घेतला. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी सुटलं, कैरीच्या पहिल्या फोडीनं सुटतं तसं, आणि त्या आंबटावर मधाची एक पातळ साय पसरली. ती घशाकडं गेली तरी आंबट मागंच उभं राहिलं, हलेना. सर ते उभं राहणं ऐकत राहिले. आणि मग, कितीतरी मागून, धापा टाकत पुस्तक आलं: जुनी रीसलिंग, पेट्रोलचा वास.

हे वाक्य त्यांनी मुग्धाकडून पहाटे किती वेळा म्हणवून घेतलं होतं! आणि ते खरं होतं! कुणा माणसानं कधीतरी असंच नाक घालून, असंच दचकून ते लिहिलं होतं!

"मोझेल!" सर उपरणं ओढून काढत उभे राहिले. "लता, मोझेल! जुनी! जर्मनी!"

लताबाईंनी परकराची पिशवी खाली सरकवली, चष्मा लावला आणि लेबल अक्षर अक्षर लावत वाचलं. मग त्यांनी हवेत मोठी बरोबरची खूण केली.

त्या रात्री सरांनी जेवण लांबवलं. उरलेले पेले पुन्हा घेतले, एकेक. स्पेनच्या तांबडीत उन्हात तापलेलं लाकूड होतं आणि ती हिरड्यांना अशी घासून जायची, जसं कच्चं केळं. नाशिकची पांढरी हिरवीगार, मोडलेल्या मिरचीच्या देठासारखी. इटलीची नुसती रागीट, जेवणाशिवाय बोलायलाच तयार नसलेली. प्रत्येक घोट उगालदानात गेला. तरीही सरांना चढली होती.

फेरपरीक्षेला ते सगळ्यांत शेवटी उठले. पहिल्या पेल्याबद्दल खात्री होती. दुसरा कुठला, काही कळेना. जुनी सवय कानात कुजबुजली: महाग नसणार, दोन पर्याय मेले. सरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा घोट घेतला, आणि लिहिलं: गाव ओळखता येत नाही. पण हिनं ऊन फार सोसलंय, आणि शेवटी जरा मीठ लागतं.

परतीच्या बसमध्ये शेजारी संगप्पा नावाचे उदगीरचे शेतकरी होते. बीदर मागं पडलं आणि फोन वाजला. मुग्धाचा.

"बाबा, संस्थेतून फोन आला, निकाल आजच लावला. काठावर पास! दुसरी दक्षिण आफ्रिकेची होती. पण मीठ बरोबर होतं म्हणे."

"काठावर!" सर सीटवरून उठले. "ऐक, काठावर! आणि मीठ होतंच, मी सांगतो तुला, अगदी शेवटी, गिळल्यावर... म्हणजे थुंकल्यावर..."

ज्या लातुरात काठावर पास झालेलं पोर मामाच्या गावी पाठवतात, तिथल्या रेणुकादास सरांनी भर बसमध्ये हात वर केले होते.

"काय सर, लई खुशीत हाव," संगप्पा म्हणाले. "पोरगं डॉक्टर झालं का?"

"न्हाई हो! मी पास झालो. वाईन चाखायच्या परीक्षेत."

संगप्पांनी त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. "पिऊन पास?"

"एक थेंब प्यायलो नाही. सगळी थुंकली."

"पैसे देऊन थुंकली? शिवा शिवा!" संगप्पा एवढे हसले, की पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. मग त्यांनी पिशवीत हात घालून एक पिवळाजर्द पेरू काढला. "घ्या. हा तरी गिळा."

सरांनी पेरू घेतला. चावला नाही. डोळे मिटून नाकाशी धरला आणि बस खड्ड्यांतून उडत असताना तसाच धरून ठेवला.

"किडका न्हाई हो सर," संगप्पा जरा दुखावून म्हणाले. "आमच्याच पाहुण्याच्या रानातला हाय, तिकडं..."

"थांबा!" सर ओरडले. "गाव सांगू नका!"