उलट्या तारांची गिटार

नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीस आणले, पण रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यांसमोर येते ती एका लाकडी गिटारीची चोरी. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा श्रीरामपूर भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या एका गावातल्या चर्चमधून गिटार चोरीला गेली. महोगनी लाकडाची, फार जुनी. एका परदेशी मिशनऱ्याने मायदेशी जाताना ती तिथल्या गायकाला दिली होती. तो गायक डावखुरा होता. त्याने तारा उलट्या लावून घेतल्या आणि जन्मभर तशीच वाजवली. मुलगाही गिटार वाजवणारा होता, पण त्याच्या पश्चात पत्नीने ती चर्चला अर्पण केली. या बाई निवृत्त शिक्षिका, फिर्याद त्यांचीच. नाताळ तोंडावर आला होता आणि गाणारी मंडळी घरोघर जायची, ती याच गिटारीच्या साथीने.

संशय रखवालदारावर होता, कारण चावी त्याच्याकडे असे. कुलूप मोडलेलं नव्हतं. मी त्याला अटक केली नव्हती, पण चौकशीला रोज बोलवत होतो आणि गावाला तेवढं पुरतं. चर्चच्या कमिटीने त्याला आवारातली खोली नाताळाआधी रिकामी करायला सांगितली. म्हातारा माझ्यासमोर हात जोडून उभा राही.

"साहेब, मला तारा पिळायला बी येत न्हाई. मी ती घिऊन करू काय?"

"चावी कुणाला दिली होती?"

"कुनालाच न्हाई. पन खुंटीला टांगलेली असती. देवाच्या घराची चावी लपवायची कुनापासनं?"

खुंटीला! मी कपाळावर हात मारला. म्हणजे येणाजाणाऱ्या कुणालाही चावी मिळत होती.

मग खबर आली. ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवणारा माझा एक खबऱ्या होता. नगरच्या एका वाद्यांच्या दुकानात तशीच गिटार आल्याचं त्याने सांगितलं. आम्ही गेलो. दुकानात महोगनीच्या दोन जुन्या गिटारी होत्या. रंग तोच, आकार तोच, दोन्हींच्या तारा सरळ. मी दुकानदाराला बसवून घेतलं. आधी त्याने दोन्ही आपल्याच म्हणून सांगितलं. मी बिलं मागितल्यावर त्याचा आवाज उतरला.

"ही एक वडिलांच्या वेळची हाय साहेब. दुसरी एकानं बदल्यात दिली, नवी गिटार घिऊन गेला. तारा नव्या घालूनच आनली हुती. वाजवून बी दाखवली, लई छान."

"कोण होता?"

"गर्दी हुती. चेहरा ध्यानात न्हाई."

त्याला चेहरा चांगला आठवत होता, पण कोर्टाची पायरी नको होती. अशांना दम देऊन उपयोग नसतो. पण तो जे बोलला ते मला पुरेसं होतं. चोराला तारा बदलता येत होत्या आणि वाजवताही येत होतं. रखवालदार सुटत होता. माझ्या डोक्यात आता दुसरंच नाव आलं होतं आणि ते मला अजिबात आवडलं नव्हतं.

पण गिटार तीच आहे हे फिर्यादीने ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. तहसील कचेरीत नायब तहसीलदार आणि पंचांसमोर ओळख परेड ठेवली. नियमाप्रमाणे सारख्या वस्तू मिसळाव्या लागतात, म्हणून दुकानदाराची दुसरी महोगनी आणि बँडवाल्यांच्या दोन गिटारी शेजारी मांडल्या. अशा वेळी पोलिसाने आत थांबायचं नसतं. मी व्हरांड्यात उभा राहिलो. दार उघडं होतं. रखवालदार न बोलावता आला होता. "सापडली का ते बघतो," म्हणून बाकावर बसला.

बाई आत गेल्या. बँडवाल्यांच्या गिटारींकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन महोगनींसमोर थांबल्या. एका गिटारीवरची काळी पट्टी, जिथे उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा हात घासतो, ती नवीकोरी होती आणि तिच्या समोरच्या बाजूचं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. तिथे डावखुऱ्याचाच हात घासणार. बाईंनी त्या जागेवर तळवा ठेवला.

"या तारा सरळ कुनी केल्या?"

नायब तहसीलदार म्हणाले, "बाई, आम्हाला काही विचारायचं नाही. तुमची असेल तर दाखवा."

बाईंनी हात एकदम मागे घेतला. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्या दुसऱ्या गिटारीकडे वळल्या, बोट उचललं. त्यांनी चुकीच्या गिटारीकडे बोट दाखवलं असतं तर केस तिथेच संपली असती, आणि म्हातारा मरेपर्यंत गावचा चोर राहिला असता. मला आत जाता येत नव्हतं की खाकरताही येत नव्हतं.

बाईंची नजर दारातून बाहेर गेली. बाकावर रखवालदार टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्यांना बघून तो अर्धवट उठला.

"गावली का वो बाई?"

बाई परत फिरल्या. झिजलेल्या गिटारीवर हात ठेवून म्हणाल्या, "हीच."

पंचनाम्यावर सही करून त्या बाहेर आल्या आणि सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, या रखवालदार दादांना खोली सोडायला लावू देऊ नका. तारा सरळ करून द्या म्हनून आमच्या घरात एकच जन हट्ट करायचा. मी करू दिल्या न्हाईत. माज्या पोराला बोलवा."

मुलाने संध्याकाळीच कबुली दिली. "बाबांची गिटार मला कधी वाजवूच दिली नाही. मग कुणाचीच नको," एवढंच तो म्हणाला. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर त्याचा डबा घेऊन बसून होती.

पंचनाम्यात एकच वाक्य आहे: फिर्यादीने मालमत्ता ओळखली. त्यानंतर ओळख परेडीत कुणी अडखळलं, तर बाहेर उभं राहून मी कधी चिडलो नाही. त्या माणसाला वस्तू ओळखू येत नाही, असं आपल्याला वाटतं. कित्येकदा त्याने ती दारातूनच ओळखलेली असते.