ठेवलेलं पान

रंगाच्या दुकानात त्याला सगळे शेडकार्ड म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या जिवावर कमावलं होतं. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा, पडद्याचा तुकडा, नाहीतर कपाटाची तुटकी मूठ घेऊन येई, आणि हा गृहस्थ पांढऱ्या रंगात थेंब थेंब रंग सोडून हुबेहूब तीच छटा उतरवून देई. एकतीस वर्षं हेच काम. रंगांच्या नावांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. नावं विकण्यापुरती, नंबर खरे, असं तो म्हणे. घरीसुद्धा तीच तऱ्हा. चहा फिका झाला तर "आज दोन नंबर खाली आलाय," असं बायकोला सांगे. "मग टाका की तुमच्याकडचे दोन थेंब," म्हणून ती आपल्या कामाला लागे.

गॅलरीतली टोमॅटोची पाच रोपं मात्र बायकोची. रंगाच्या रिकाम्या बादल्या घासूनपुसून, खाली भोकं पाडून तिने ती लावली होती. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, खालची पानं पिवळी पडलीत बघा."

तो कप हातात घेऊनच वाकला. "कुठे पिवळी? कोवळी हिरवी आहेत."

"कोवळी? अहो, सगळ्यात जुनी पानं आहेत ती!"

"रंगातलं मला सांगतेस?"

झालं. पुढचा आठवडाभर घरात याच विषयावर खडाखडी चालली. एरवी त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच महिन्यात दुकानात तिसरा डबा परत आला होता. खोली सायीच्या रंगाची आणि याने जुळवून दिलेला रंग पांढराफटक. भिंतीवरचं ठिगळ रस्त्यावरून दिसत होतं म्हणे. त्याने ट्यूबलाइटला दोष दिला. मालक भला माणूस, आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही आता काउंटर सांभाळा. छटा नवं मशीन जुळवेल." हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. सांगायची छातीच झाली नाही.

रविवारी तो दुकानातलं जाडजूड शेडकार्ड बगलेत मारून घरी आला. "आज सोक्षमोक्ष लावून टाकू." पाच-पंचवीस पट्ट्या चाळून त्याने एक पोपटी पट्टी पानाखाली धरली. "हे बघ. तंतोतंत."

बायको जिंकायच्या तयारीनेच आली होती. पण पट्टी बघून तिचं हसू मावळलं. "या पानातल्या शिरा दिसतायत तुम्हाला?"

"कसल्या शिरा?"

"शिरा हिरव्यागार आहेत. मधलं सगळं पिवळं. नीट बघा ना."

त्याने पान जवळ धरलं, लांब धरलं, उन्हात धरलं. पानभर एकच पोपटी रंग. शिरा नाहीत, पिवळं नाही. तो स्टुलावर बसला आणि मग तिन्ही डब्यांची गोष्ट सांगून टाकली. "संपलं माझं काम," तो म्हणाला.

"काम नंतर. आधी डोळे," ती म्हणाली आणि चप्पल घालायला गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं. "रंगाचं काम करता आणि इतके दिवस कळलं नाही?"

"डोळ्यांतलं पिवळेपण एकेक नंबर करत चढलं हो," तो म्हणाला. "एकदम चढलं असतं तर पकडलं असतं."

तपासण्या, एका डोळ्याची शस्त्रक्रिया, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याची. तोवर बायकोने रोपांचं काम मार्गी लावलं. रोपवाटिकेतल्या बाईंनी पान उलटंसुलटं करून सांगितलं, "जुनीच पानं आणि शिरा हिरव्या, म्हणजे मॅग्नेशियम कमी पडतंय. बादलीत रोज पाणी ओतून ओतून धुऊन गेलं असेल." मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून घाला, वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका, आणि पिवळी पानं काही परत हिरवी व्हायची नाहीत, ती खुडून टाका, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि घरी आल्याआल्या तो स्वयंपाकघरात थबकला. पांढऱ्या भिंतीवर मधोमध सायीच्या रंगाचा भलामोठा चौकोन. "हा उद्योग कुणाचा?"

"आहेत एक नामांकित," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी ओल आली होती तेव्हा. मला वाटलं, रंग कमी पडला म्हणून घरात असेल तो मारलात."

हसत हसतच ती त्याला गॅलरीत घेऊन गेली. रोपं तरारली होती, तळापासून शेंड्यापर्यंत हिरवी. एका रोपाच्या बुडाशी एकच पान पिवळं होतं. "हे राहिलं वाटतं खुडायचं," म्हणत त्याने हात पुढे केला.

"राहिलं नाही, ठेवलंय. तुम्हाला दाखवायला."

तो खाली वाकला. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक. सगळ्या हिरव्या, आणि त्यांच्यामधलं सगळं पिवळंधमक. त्याला भरून आलं. "तू भांडली नसतीस तर मी अजून ट्यूबलाइट बदलत बसलो असतो," तो म्हणाला. "तुझे उपकार आहेत गं माझ्यावर."

"भांडले कुठे? मी बरोबर होते," ती म्हणाली, पण तिचेही डोळे भरून आले होते.

ते पान घेऊन तो डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दिवशी दुकानात गेला. मालकाने गंमत म्हणून ते मशीनखाली धरलं. मशीनने क्षणात नंबर दिला. एकच नंबर, आणि तोही त्या रविवारचाच पोपटी.

शेडकार्ड इतका हसला की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. "याचेही डोळे तपासून घ्या," तो म्हणाला आणि पानाखाली दोन पट्ट्या सरकवल्या, एक शिरेची, एक मधल्या पिवळ्याची. मालकाने पान बघितलं, पट्ट्या बघितल्या. मग आत डोकावणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातला भिंतीचा पोपडा घेतला आणि मशीनकडे न नेता शेडकार्डच्या पुढे ठेवला.