दोन बाळं, दोन सुया

सोनोग्राफीच्या खोलीतल्या नर्सबाईंना सगळा दवाखाना खुणाताई म्हणायचा. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. खुणा करायचं बाईंना भारी वेड. डब्यावर खूण, चपलेवर खूण, नवऱ्याच्या छत्रीवरसुद्धा!

"नवऱ्यावर तेवढी करायची राहिली," डॉक्टर चिडवायचे.

"नवरा हरवला तर लोक परत आणून देतील. छत्री कोण देतंय?" बाईंचं उत्तर तयार.

पण जुळ्यांची तपासणी असली, की हेच डॉक्टर त्यांना शोधत यायचे. बाळांभोवतीचं पाणी तपासायला काढायचं, तर पोटात सुई टोचण्याआधी खुणाताई कागदावर पोटाचा नकाशा काढायच्या. कुठलं बाळ कुठे, वार कुठे, दोघांमधला पडदा कुठून जातो. बाळं काय, एका जागी बसतात थोडीच!

त्या दिवशी बस चालवणारी एक बाई आली. चौथा महिना सरलेला, पोटात जुळी. रक्ताच्या तपासणीत बाळात जन्मजात दोष असल्याची शंका निघाली होती, पण दोघांपैकी कुणाबद्दल, ते रक्त सांगेना.

"ताई, सुईची भीती वाटते हो. पण हे असं अधांतरी राहणं त्याहून वाईट. कुणाला काय आहे ते एकदा कळू दे," ती म्हणाली.

पहिल्या बाळाभोवतीचं पाणी काढून झालं. नळीवर खूण झाली. डॉक्टर दुसरी सुई टेकवणार, तोच खुणाताई म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. पहिलं बाळ सरकलंय. हे त्याचंच घर. पडदा अजून डावीकडे आहे."

डॉक्टर वैतागले. बाहेर रांग लागली होती. पण यंत्र फिरवून बघितलं, तर बाईंचंच खरं. एकाच बाळाची तपासणी दोनदा झाली असती, दुसरं तसंच राहिलं असतं. त्यांनी सुई डावीकडे घेतली.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. उजवीकडचं बाळ ठणठणीत. डावीकडच्याला डाऊन सिंड्रोम, पण हृदय व्यवस्थित. आपण तोंड मिटून बसलो असतो तर बरं झालं असतं, असंही खुणाताईंना क्षणभर वाटून गेलं.

बसवाली भरपूर रडली. मग नाक पुसून तिने डाव्या कुशीवर हात ठेवला.

"तूच होय रे सोन्या?" ती म्हणाली आणि खुणाताईंकडे वळली. "तुम्ही थांबवलं नसतं तर मला हे बाळंतपणानंतर कळलं असतं. आता चार-पाच महिने आहेत हातात. काय काय शिकून घेऊ, ते सांगा."